पांढरा शर्ट

आपिआ शहरातल्या डॉक्टरनं बजावलंय, वजन उतरल्याशिवाय गुडघ्याचं ऑपरेशन नाही. नर्स मवाळ, म्हणाली, "सहा दिवस पथ्य पाळा, रविवारी पोटभर जेवा." तेव्हापासून सहाही दिवस मी रविवारच्या स्वप्नात काढतो: तापल्या दगडांचा धूर, अळूच्या पानांत शिजलेलं नारळाचं दूध. आज त्या धुरानंच जाग आली. उशाशी बायको उभी होती, दगडांवर जेवण लावून, चर्चचा पांढरा झगा आणि हॅट घालून. अलीकडे तिला वार आठवत नाहीत, कधीकधी मीही नाही. "फेतू, ऊठ रे आळशा, घंटा होईल." बुधवार होता. मी पांढरा शर्ट चढवला. "बटण लागलं की," ती हसली, "वाळलास मेल्या." बंद चर्चच्या पायरीवर तिनं सगळं स्तोत्र न चुकता म्हटलं. घरी येऊन आम्ही पोटभर जेवलो. रविवारी पथ्य पाळेन. नर्सला सांगेन, या आठवड्यात आमच्याकडे रविवार बुधवारी आला.