हनुवटीखालची जागा

"हनुवटीखाली अजून ओढतंय म्हणतात," आईने चहाचा कप पुढे सरकवला. "गालावर छान चालतं. पण खाली, कातडी सैल पडते ना, तिथे केसाआधी कातडीच धरतं."

"बाबा एवढं बोलले?"

"माझ्याशी बोलतात."

मुलगी हसली. बाबांना काहीही विचारलं तरी "बरंय" यापलीकडे उत्तर मिळत नसे. कारखान्यात ती रेझरची कार्ट्रिज घडवायची, म्हणजे दांड्यावर बसवायचं ते पात्यांचं डोकं. बाबांसाठी म्हणून प्रत्येक नवा नमुना ती आईच्या हातात द्यायची. काही दिवसांनी, पाती झिजली की, आई तो धुऊन-पुसून परत करायची आणि सोबत निरोप सांगायची. कारखान्यातल्या जाडजूड अहवालांपेक्षा हे निरोप तिला जास्त उपयोगी पडत.

"आणखी एक म्हणाले." आई हनुवटी तळहातावर टेकून बोलत होती. मुलीलाही तीच सवय होती. आईवर गेलीय, असं सगळे म्हणत. "इस्त्री करताना आपण एका हाताने कापड ताणून धरतो, तसं पात्यांच्या पुढे काहीतरी हवं. मऊ. रबराच्या बोटांसारखं."

"बाबांनी जन्मात इस्त्री धरलीय का हातात?"

"मला करताना बघतात की. डोळे आहेत त्यांना."

तेवढ्यात बाबा बाहेर आले. हनुवटीवर कागदाचा कपटा चिकटवलेला होता, मधोमध लाल ठिपका. मुलगी ओशाळली.

"परत कापलं, बाबा?"

"बरंय," बाबा म्हणाले.

"घाई करतात नुसती," आई म्हणाली आणि उगाचच जास्त हसली.

त्याच दुपारी आईला घेरी आली. शेजारीण धावत आली तेव्हा इस्त्रीचं बटण बंद होतं, बाबांच्या शर्टाची घडी घालून झाली होती. आई गेली होती.

मुलगी कामावर परतली, तेव्हा साहेबांनी तिला केबिनमध्ये बसवलं. आधी आईबद्दल बोलले, मग कामाबद्दल. वरच्यांचा धीर सुटला होता. पुढच्या चाचणीत जमलं नाही, तर हे कार्ट्रिज कायमचं गुंडाळायचं होतं.

"मी आधीच म्हणत होतो," शेजारच्या टेबलावरचा चष्मिस म्हणाला. तो मनाने वाईट नव्हता, जिभेने होता. "ज्याचं जळतं त्यालाच कळतं. बाईमाणसाला दाढीचं दुखणं कुठून कळणार?"

"घरी बाबा आहेत," तिने नेहमीचं उत्तर दिलं. हात नेहमीसारखाच हनुवटीखाली होता.

"मग विचार बाबांना, आता काय करायचं."

तिने विचारलं नाही. सांगायचं ते सांगून झालं होतं. तिने पात्यांमधली फट कमी केली, म्हणजे सैल कातडी आत फुगणार नाही. पात्यांच्या पुढे मऊ रबराच्या बारीक बोटांची रांग बसवली. पहिल्या साच्यात बोटं ताठ निघाली, दुसऱ्यात लुळी. तिसऱ्यात ती कातडीला हलकेच पुढे ताणून धरू लागली, अगदी कापडावरच्या हातासारखी.

चाचणीच्या सकाळी बाथरूमचं दार लावून तिने नमुना शेवटचा तपासला. ओढत नव्हता. सांगायला म्हणून ती बाहेर आली, तर स्वयंपाकघर रिकामं होतं.

चाचणीच्या खुर्चीत रखवालदार बसला होता. कारखान्यात त्याला सगळे 'तिखट' म्हणत, कारण त्याच्या गळ्याला आजवर एकही पातं मानवलं नव्हतं, दाढी केली की आग आग व्हायची. डोळे घट्ट मिटून, मुठी आवळून तो बसून राहिला.

"करा की सुरू," थोड्या वेळाने तो वैतागून म्हणाला.

"झाली," ती म्हणाली.

तिखटाने डोळे उघडले. गळ्यावरून खालून वर हात फिरवला, मग वरून खाली. आरसा मागितला. आरशात पाहूनही त्याचा विश्वास बसेना, म्हणून परत हात फिरवला.

"काही तक्रार?" साहेबांनी विचारलं.

"शोधतोय," तिखट म्हणाला.

सगळी खोली हसली. चष्मिस उठला, बेसिनपाशी गेला आणि स्वतःच्या तोंडाला फेस फासू लागला.

कार्ट्रिज बाजारात आलं त्या दिवशी मोठं सभागृह घेतलं होतं. पडद्यावर रबराची ती बोटं माणसाएवढी मोठी दिसत होती. बाबा पहिल्या रांगेत तिच्या शेजारी बसले होते. शर्टाला इस्त्री त्यांनीच केली होती, ते कळत होतं. हनुवटीवर ताजा कपटा होता.

"या यशामागे एक हनुवटी आहे," साहेब माईकवरून म्हणाले. "आमच्या या मुलीने घरातल्या घरात जिच्यावर प्रयोग केले, ती तिच्या वडिलांची हनुवटी. दोघांनीही वर यावं."

टाळ्या पडल्या. बाबा तिच्याकडे वळले.

"मला कशाला उठवतात?"

"बाबा, सगळं तुमच्याच दाढीवर तर झालंय."

"माझ्या? मी तुझं एकही लावलेलं नाही. माझा जुना रेझर बरा आहे. आईने दिलंच नाही कधी. म्हणायची, अजून तयार नाही, तुम्हाला नको."

"मग पाती झिजायची कशी?"

टाळ्या चालूच होत्या. तिने त्यांच्या हनुवटीवरच्या कपट्याकडे पाहिलं. मग एकटीच उठली, पायऱ्या चढली आणि साहेबांच्या हातून माईक घेतला. दुसरा हात सवयीने हनुवटीपाशी गेला होता, तो तिने खाली घेतला.

"बाबांची नाही," ती म्हणाली. "ती हनुवटी माझ्या आईची होती. आई, मलाही दाढी येते."