आधी आमची झडती

“छाप्याला धाडताना म्हणता, चांगल्या हेतूने काम करा, कायदा पाठीशी आहे. आणि आरोप आला की तुम्हीच पाठ फिरवता!” साहेबांना असं तोंडावर सुनावूनच फौजदार हेमांगी घोरपडे कोर्टात आली होती. गांजा विकणाऱ्या बबलूने उलटी केस ठोकली होती, की पुडा मॅडमनीच खिशातून आणून घरात टाकला. शाबीत झालं तर वर्दी जाणार, वर तुरुंग.

साक्षीला बबलूची आई सगुणाबाई उभी राहिली. हेमांगीने गृहीतच धरलं, आई लेकाचीच बाजू घेणार.

“घरात शिरण्याआधी पोलिसांनी स्वतःची झडती दिलीच नाही ना?” बबलूच्या वकिलाने बिनघोर विचारलं. ही झडती बहुतेक पथकं कागदावरच उरकतात, हे त्याला पाठ होतं. हेमांगी मात्र त्या दिवशी खरोखर हात वर करून उभी राहिली होती.

“दिली की! म्या म्हणलं, मोठी आली इमानदार! समदे खिसे उलटे केले. नुसते फुटाणे निघाले. ते बी मीच खाल्ले.”

कोर्ट हसलं. बबलू ओरडला, “आये, मी तुझा पोरगा हाय!”

“पोरगा माझाच. खोटं माझं न्हाई.”

केस फेटाळली गेली. बाहेर येऊन हेमांगीने सगुणाबाईच्या ओंजळीत फुटाणे ओतले आणि दोघी खुदकन हसल्या. तेवढ्यात साहेब पेढे घेऊन उगवले. “बघ, कायदा पाठीशी होता ना?”

“पाठीशी ही बाई होती, साहेब. तुम्ही कुठे होता, तेवढं सांगा.”