रिकामा माणूस

"तुम्ही काय काम करता?" बुरमाने विचारलं.

साटीबाल्दी आजोबांच्या एका हातात लापशीचा डाव होता, दुसऱ्या हातात तीन वर्षांच्या नातीची अर्धी वेणी. "काही नाही," ते म्हणाले. "खातो आणि झोपतो. लिही, रिकामटेकडा."

बुरमा गावची समाजसेविका. गरीब घरांचा भत्ता ठरवायला दारोदार फिरत होती. अर्ज आजोबांनीच केला होता. मुलगा रशियात कामाला गेला आणि पाण्यात मीठ विरघळावं तसा विरघळला. सून झामिरा सकाळीच ओश शहरातल्या शिवण कारखान्यात जायची, ती दिवेलागणीला यायची. घरात बसून खाणारी दोघं, नात आणि आजोबा. त्यातली नात निदान वाढत तरी होती.

पस्तीस वर्षं ते गुरांचे डॉक्टर होते. आडवी आलेली किती शिंगरं त्यांनी सुखरूप बाहेर काढली. पण घोड्या ऐकायच्या तेवढंही नात अक्मारल ऐकत नसे. तिचे मोजे उलटे, वेण्या वाकड्या. लापशी रोज तळाला लागे आणि शेजारणी कुंपणावरून सल्ले देत. आजोबा मुकाट ऐकून घेत. स्वतःची चार पोरं बायकोने कशी वाढवली, हे त्यांनी तेव्हा वळूनही पाहिलं नव्हतं. आता विचारायला ती नव्हती.

"सून कामावर असते तेव्हा पोरीला कोण बघतं?"

"आहे की मी. दुसरं कोण?"

"आणि तुम्ही नसतात तर?"

"तर काय? झामिराला घरी बसावं लागलं असतं. इथे बालवाडी कुठे आहे?"

बुरमाने सुनेच्या पगाराचा दाखला पुन्हा एकदा वाचला आणि पेनाला टोपण लावलं.

"वाईट वाटून घेऊ नका, अक्सकाल," ती म्हणाली; गावात वडीलधाऱ्यांना असंच म्हणत. "भत्ता बसत नाही. सुनेच्या पगारामुळे तुमचं घर आता गरिबात मोडत नाही. ती घरी असती, तर मिळाला असता."

बुरमा गेली. आजोबा तसेच बसून राहिले. लापशी करपल्याचा वास आला, तरी उठले नाहीत.

संध्याकाळी झामिरा दमून आली. दारातच तिने विचारलं, "भत्त्याचं काय झालं, बाबा?"

"गेला," आजोबा म्हणाले. "माझ्यामुळे गेला."

आणि आवाजातला रुबाब काही त्यांना लपवता आला नाही.