कालिजातली सून

लग्नापायी बारावीनंतर सुटलेलं शिक्षण आक्काताईनं चाळिशीत पुन्हा धरलं. मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलं. वर्ग फक्त रविवारी. तिच्यापेक्षा तिचा नवरा कृष्णातच जास्त हरखला. "आमची मंडळी कालिजात निघाली!" म्हणून त्यानं अख्ख्या भावकीला फोन करकरून सांगितलं.

पहिल्या रविवारी सकाळी इस्त्रीची साडी नेसून ती चपला घालत होती, तेवढ्यात दारात जीप थांबली. पन्हाळ्याचे दीर-जावा, पोराबाळांसकट. त्यांच्या मागोमाग कृष्णात मटणाची पिशवी घेऊन आला.

"तुझं कौतुक करायला आल्यात की समदी!"

"अवो, पण धाला माझा तास हाय न्हवं?"

"तास काय पळून जातोय व्हय? पावणं दारात हायत."

आक्काताईनं नवी वही देवळीत ठेवली, पदर खोचला आणि वाटण करायला घेतलं. वर्ग सुटायच्या वेळेला इकडं पंगत बसली. बाहेर सोप्यात तिच्या जिद्दीचं गुणगान रंगलं होतं, आत ती भाकरी थापत होती. "वैनी, ह्या वयात शिकायचं म्हंजे खायचं काम न्हाय," असं म्हणत धाकट्या दिरानं पांढऱ्या रश्श्याची वाटी पुन्हा पुढं केली.

पाहुणे गेले. ती खरकटं काढत होती, तर कृष्णात खुशीत येऊन मागं उभा राहिला.



"फुडच्या रविवारी नेसरीचं मामा-मामी येत्यात. त्यास्नीबी कालिजात जाणारी सून बघायची हाय!"