दोनशे बारा पानं

कॉलेजच्या सोयी तपासायला आलेली कमिटी कॉम्प्युटर रूममध्ये शिरली तेव्हा अर्नाळ्याची सालोमी हेडफोन लावून बसली होती आणि लॅब असिस्टंट जयवंत चौधरी तिच्यामागे नवरीच्या मामासारखा उभा होता. कॉम्प्युटरला सकाळीच झेंडूचा हार घातला होता. तो घसरून सारखा कीबोर्डवर येत होता. सालोमी न बघताच तो वर सारत होती. बघणं तिच्या नशिबात जन्मापासूनच नव्हतं.

"पंच्याण्णव सालचा कायदा आहे," प्राचार्य कमिटीला सांगत होते. "अंध मुलांनाही सगळ्यांसारखं शिकता आलं पाहिजे. आम्ही लगेच अंमल केला."

लगेच म्हणजे अकरा वर्षांनी. पण कॉलेजचा दुसरा जिना त्याच्याही आधीपासून नुसताच मंजूर होऊन पडला होता, त्या मानानं हे लगेचच.

राबला होता जयवंत. अर्थशास्त्राच्या इंग्रजी नोट्सची दोनशे बारा पानं त्यानं दोन महिने खपून स्कॅन केली होती. एक पान तिरकं नाही. एकावर सरांच्या चहाच्या कपाचा गोल डाग होता, तोही त्यानं पुसून काढला होता. सोमवारी सालोमीचा शेवटच्या वर्षाचा पेपर. आजवर नोट्स वाचून दाखवणारी तिची मैत्रीण रिटा महिन्यापूर्वी नोकरीला लागली होती. आता जे काय वाचायचं ते या मशीननंच.

कमिटीच्या बाईंनी फॉर्म काढला.

"कॉम्प्युटर?"

"आहे."

"बोलणारं सॉफ्टवेअर?"

"आहे."

"हेडफोन?"

प्राचार्यांनी सालोमीच्या कानाकडे बोट दाखवलं. बरोबरच्या तीन खुणा झाल्या.

"काय म्हणतोय गं तुझा कॉम्प्युटर?" बाईंनी कौतुकानं विचारलं.

"पान एक, चित्र," सालोमी म्हणाली. "पान दोन, चित्र. चाळीसपर्यंत गेले मी, मॅडम. चित्रच हाय."

जयवंतनं स्क्रीनकडे पाहिलं. चित्र कसलं, अक्षर न् अक्षर लख्ख दिसत होतं. मग त्याच्या लक्षात आलं. स्कॅन म्हणजे शेवटी पानाचा फोटो. फोटोतलं वाचायला डोळे लागतात, आणि ते मशीनलाही नव्हते.

"किरकोळ आहे, नंतर बघू," प्राचार्य म्हणाले. "सालोमी बाळा, इथे सही कर. पाहुण्यांची पापलेटं गार होतायत."

पापलेटं सकाळी सालोमीच्या आईनंच आणून दिली होती.

सालोमीच्या हातात पेन आलं. तिनं दुसऱ्या हातानं कागद चाचपला. "काय लिवलंय ह्याच्यात?"

"नेहमीचंच."

"माझ्यासाठी हा पन चित्रच, सर. कोनीतरी वाचा."

बाईंनी चष्मा पुसायला घेतला. जयवंत पुढे वाकला, नवी फाईल उघडली आणि फॉर्मवरची ओळ बघून बघून टाईप केली. मग हेडफोनची वायर उपटली. कॉम्प्युटर खणखणीत साहेबी आवाजात सगळ्यांना म्हणाला, "आय कॅन रीड ऑल माय स्टडी मटेरियल."

"म्हंजे मला सगळ्या नोट्स वाचता येतात," सालोमीनं मराठी केलं.

"हे मात्र चांगलं वाचलंन," ती म्हणाली आणि पेन टेबलावर ठेवलं. "चौधरी सर, ती दोनशे बारा पानं अशी टाईप करा. मग करते सही."

"अगं, सोमवारी पेपर आहे तुझा," प्राचार्य म्हणाले.

"तेच सांगते, सर."

जयवंतनं कॉम्प्युटरवरचा हार काढला, ठेवायला जागा दिसेना म्हणून प्राचार्यांच्या हातात दिला, आणि खुर्ची ओढून पान एक समोर घेतलं.