बदली

वय सांगायला त्या माणसाने एक क्षण जास्त घेतला, आणि तिथेच बाईंच्या मनात पाल चुकचुकली.

"चव्वेचाळीस," तो म्हणाला. काळीभोर मिशी, ताठ मान. चव्वेचाळीस कुठल्याच बाजूने दिसत नव्हतं.

बाई श्वासाची तपासणी करायच्या. फरशीच्या कारखान्यातले कामगार दरवर्षी त्यांच्या खोलीत यायचे, मशीनच्या नळीत फुंकायचे, आणि कामावर राहायचं की घरी बसायचं ते त्या फुंकण्यावर ठरायचं. त्यामुळे लबाड्याही त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या. कुणी खोकल्याचं औषध ढोसून यायचं, कुणी दाराबाहेर विडी विझवून 'आयुष्यात ओढली नाही' म्हणायचं. पण आपल्या जागी दुसऱ्यालाच फुंकायला पाठवतात, हे त्यांनी नुसतं ऐकलं होतं.

त्यांनी नेहमीचे प्रश्न विचारले. खोकला आहे का, कफ पडतो का, जिना चढताना दम लागतो का, घरात कुणाला क्षय झाला होता का. तो सगळ्याला नाही म्हणाला, पढवलेल्या पोपटासारखा. मग बाईंनी न पढवलेला प्रश्न विचारला. फरशी घासताना पाण्याची नळी कुठल्या हाताला असते?

त्याने आधी एका हाताकडे पाहिलं, मग दुसऱ्या. मग म्हणाला, "उजव्या."

खरं उत्तर बाईंनाही ठाऊक नव्हतं. पण जो रोज तेच काम करतो, त्याला ते आठवावं लागत नाही, एवढं त्यांना कळत होतं.

दार अर्धवट उघडं होतं. बाहेरच्या बाकावर याच्याबरोबर आलेला माणूस तोंडावर रुमाल धरून बसला होता. खोकला आला की आवाज दाबायचा आणि खांदे तेवढे हलायचे. तो कोण, असं बाईंनी विचारलं.

"भाऊ," तो म्हणाला. "धाकटा."

बाईंनी बाकावरच्या पिकल्या डोक्याकडे पाहिलं.

त्यांनी मनाशी ठरवलं. आधी याला फुंकू द्यायचं. आकडे चांगले येणारच. मग बाहेरच्यालाही आत घ्यायचं आणि दोघांना डॉक्टरसाहेबांसमोर उभं करायचं. त्यांना रागही आला होता. आजारी माणूस धडधाकट ठरून पुन्हा त्याच धुळीत जाऊन उभा राहणार, आणि खाली सही कुणाची, तर बाईंची.

नाकाला चिमटा लावला. पोटभर श्वास घ्या, सगळा जोर लावून सोडा, मध्ये थांबू नका, असं त्यांनी सांगितलं. त्याने ऐटीत छाती फुगवली आणि फुंकलं. पडद्यावरची रेघ उठली आणि निम्म्यातच बसली.

ओठांच्या फटीतून हवा गेली असेल, असं बाईंना वाटलं. त्यांनी पुन्हा फुंकायला लावलं. तिसऱ्यांदा तर त्या शेजारी उभ्या राहून 'अजून, अजून' म्हणत राहिल्या. रेघ तिथेच बसली. तो मात्र चिमटा काढून हसत होता. झालं ना झकास, असं त्यानेच विचारलं.

बाई ओशाळल्या. असली छाती घेऊन दुसऱ्याच्या जागी कोण येईल? म्हणजे हाच खरा कामगार. केस काय, कुणाचेही लवकर पिकतात. उगाच संशय घेतला. त्यांनी त्याला आतच बसायला सांगितलं आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं. अशी गोष्ट आधी घरच्या माणसाच्या कानावर घातलेली बरी.

बाकावरचा माणूस उठून उभा राहिला. "पास झाला ना?"

बाईंनी त्याला खाली बसवलं. मग हळू आवाजात सांगितलं, की तुमच्या भावाच्या छातीत हवी त्याच्या निम्मीसुद्धा हवा मावत नाही. एक्स-रे काढायला हवा, आजच. आणि कारखान्यात परत पाठवू नका.

त्याने तोंडावरचा रुमाल काढला. मग म्हणाला, मशीन बिघडलंय. बाई म्हणाल्या, सकाळीच तपासून घेतलंय. मग म्हणाला, मालकांनी सांगितलं असेल तुम्हाला, नापास करा म्हणून. बाईंनी नकारार्थी मान हलवली.

तो खोकला. या वेळी रुमाल लावायचं विसरला.

"कारखान्यात तो नाही, बाई. मी आहे."

बाई बाकाच्या कडेला टेकल्या.

"तो घरोघरी जाऊन स्वयंपाकघरातले ओटे कापतो. दगडाचे. पाणी न सोडता कोरडेच कापतो, धूळ उडते, पण लोकांना घरात चिखल नको असतो." हे तो जणू स्वतःलाच समजावत होता. "दोनच वर्षं झाली त्याला."

आतून धाकट्याने हाक मारली, मोकळ्या, भरदार आवाजात. झालं असेल तर निघू या म्हणाला, संध्याकाळी त्याला एक काम संपवायचं होतं.

मोठा उठला नाही. बंद दाराकडे बघत म्हणाला,

"माझं मला माहीत होतं. सगळ्या घरात हा एकटाच धडधाकट, म्हणून याला आणलं होतं."