बिननंबरी डबी

वाफ जरा निवली तेव्हा आईला फळीवरच्या बिननंबरी डबीत घडी घातलेला कागद दिसला.

लाँड्रीत खिशात हात घालायचा तो फक्त मावशींनी. मागे कुणाची तरी अंगठी हरवली, तेव्हापासूनचा हा नियम. शाळेच्या वसतिगृहातले गणवेश आले की मावशी आधी खिसे रिकामे करत. निघेल ते डबीत, डबीवर कॉलरचा नंबर. इस्त्री झाली की ज्याचं त्याच्या खिशात परत. आई इस्त्रीवर होती. लेकीचा गणवेश ती त्याच ढिगात सरकवून देई. "घरचाच तो, त्याला कशाला नंबर," असं तिनेच सांगून ठेवलं होतं.

कागदावर दोनच ओळी होत्या. 'छातीवर कुणीतरी बसलंय. पेपर हातात आला की सगळं पांढरं होतं.'

अक्षर नेहमीपेक्षा वाकडं होतं. घाबरलेला हात वाकडाच चालणार.

सहामाहीला लेक गणिताचा कोरा पेपर देऊन आली होती. एरवी परीक्षेहून आली की बोटं शाईने निळी. त्या दिवशी धुतल्यासारखी स्वच्छ.

"काय झालं गं?"

"काही नाही."

"येत नव्हतं?"

"आई, जाऊ दे ना."

तेव्हापासून घरात ते 'जाऊ दे ना'च राहायला आलं होतं. वार्षिकला पुन्हा असं झालं तर वर्ष वाया, असं वर्गशिक्षिकांनी बजावलं होतं. पंधराव्या वर्षी मुलीला काही विचारावं तर ती लाजाळूसारखी मिटते. आणि आता मिटलेलं पान आपणहून उघडलं होतं. आईने ठरवलं, कागदावरचं कागदावरच ठेवायचं. घरात अवाक्षर काढायचं नाही.

मावशी चहाला गेल्या तशी तिने कागदाच्या मागे लिहिलं आणि तो पुन्हा डबीत ठेवला. 'पांढरं झालं की पाय जमिनीला टेकव. बुटातल्या बुटात बोटं मोज. दहा भरली की समजायचं, आपण जागेवर आहोत.'

दोन दिवसांनी डबीत उत्तर. 'मोजली. नऊच भरली. तुम्ही कोण?'

आई हसली. तुम्ही म्हणे! लबाड. लेकीला खेळ आवडला होता.

'तुझीच,' तिने लिहिलं. 'दहावं बोट लाजतंय. पुन्हा मोज.'

मग दिवस वाफेवर तरंगत गेल्यासारखे गेले. गणवेशांचे पांढरे ढग येत, सपाट होत, घडी होऊन जात, आणि मधेच एखादा कागद. 'इथे सगळे हसतात तेव्हा मीही हसते, पण ते खोटं असतं.' आई लिही, 'खोटं हसू दमवतं. दिवसातून एकदाच वापर.' 'पहिला प्रश्न आला नाही तर?' 'तर शेवटच्याच्या घरी आधी जा. ओळखीचं दार आधी वाजवावं.' इतकं शहाणपण आपल्यात होतं हे तिचं तिलाच माहीत नव्हतं. इस्त्री फिरवता फिरवता ते वाफेतूनच येई.

एका कागदावर होतं, 'कुणीच मला विचारत नाही, आज काय पाहिलंस.' त्या संध्याकाळी आईने लेकीला तेच विचारलं.

"काय पाहिलं म्हणजे?"

"म्हणजे काहीही."

लेक तिच्याकडे बघत राहिली. "एक मांजर. फळ्यावर बसलेलं."

"फळ्यावर?"

"म्हणजे फळ्यावर काढलेलं." आणि दोघी हसल्या, पुष्कळ दिवसांनी.

आता लेक ताटातलं संपवत होती. निदान आईला तसं वाटत होतं. टेबलाखाली तिच्या पायाची बोटं सारखी हलत. मोजतेय, आई मनात म्हणे, आणि दुसरीकडे बघे.

वार्षिकच्या गणिताच्या पेपरादिवशी सकाळी लेक बसचा पास मुठीत आवळून दारात उभी होती.

"मुठीत काय धरतेस गं सारखी? पाडशील एखाद दिवशी."

"नाही पाडत. सवय आहे."

"बरं, पायावर लक्ष असू दे," आई न राहवून म्हणाली.

लेकीने खाली बुटांकडे पाहिलं. "का? नाडी सुटलीय?"

काय अभिनय करते पोरगी! आई कामाला गेली ती जवळजवळ गुणगुणतच.

डबीत कालचा, विज्ञानाच्या पेपरानंतरचा कागद होता. 'दहाच्या दहा होती! शेवटच्या प्रश्नापासून सुरू केलं. सगळं लिहिलं. आता गणिताचीही भीती नाही.' आईने तो कागद गालाला लावला. वाफेने डोळे ओले होतात, असं इथे कुणालाही सांगता येतं.

दुपारी मावशी चष्मा पुसत फळीपाशी आल्या. "ही डबी आता घासून ठेवते गं."

"का?"

"वसतिगृहातल्या त्या नव्या पोरीला नंबर मिळाला एकदाचा. वर्षाच्या मध्यात आलेली ती. एकशे बारा."

"अहो मावशी, राहू दे ती डबी. माझ्या लेकीची आहे."

"तुझ्या लेकीची?" मावशींनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "तिच्या खिशातून काय निघणार? शाळा सुरू झाली तेव्हाच फाटला होता, मी शिवून बंद करून टाकलाय. आईला सांगू नका म्हणाली, तिला कुठे वेळ असतो."

इस्त्रीखाली कापड करपल्याचा वास आला. आईने दाराकडे पाहिलं. परीक्षेहून परतलेली लेक तिथे उभी होती. तिने पास धरलेली मूठ उघडली. बोटं धुतल्यासारखी स्वच्छ होती.